सातचा फिकट निळा

२ मार्च, सोमवार

तरणतलावाच्या दारात आज मोठा टीव्ही बसवला. आता वेळापत्रक कागदावर चिकटवायचं नाही, टीव्हीवर दाखवायचं. कोणत्या वेळी कोणती लेन कोणाची, हे येणाऱ्याला पायरीवरूनच कळावं, अशी मॅडमची इच्छा. मॅडम म्हणजे आमच्या व्यवस्थापक. मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधली एक्सेलची शीट टीव्हीला जोडून दिली आणि आम्ही दोघी माना वर करून बघत राहिलो.

"हे काय जाळं?" मॅडम म्हणाल्या. "कोळ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतंय."

वाटत होतं खरं. कॉम्प्युटरवर ज्या बारीक करड्या रेघांची डोळ्यांना सवय झाली होती, त्या टीव्हीवर हातभर मोठ्या होऊन अंगावर येत होत्या. सहा लेन, पंधरा तास, आणि त्यापलीकडेही रिकामे चौकोन, पार पडद्याच्या कडेपर्यंत.

"पुढच्या बुधवारी समितीची बैठक आहे. त्याआधी या रेघा घालवा आणि जरा नीटनेटकं करा."

"करते," म्हटलं.

कसं करतात ते मला ठाऊक नाही. पण बावीस वर्षं घर सांभाळल्यावर मिळालेली ही नोकरी आहे. तीन महिने बघू, मग ठरवू, असं ठरलेलं आणि ते तीन महिने एकतीस तारखेला संपतात. त्यामुळे जानेवारीपासून 'मला येत नाही' हे वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही. घरी येऊन मात्र या वहीला रोज तेच सांगते.

३ मार्च, मंगळवार

सासूबाई हल्ली फार खुशीत असतात, हे लिहून ठेवायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नुसत्या खिडकीशी बसून असायच्या. डॉक्टर म्हणाले होते की पाण्यातला व्यायाम करा, पण नवरा ऐकेना. "ओल्या फरशीवर घसरली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून," म्हणाला. मग तो विषय कोणी काढला नाही. मी कामाला लागले त्याच सुमाराला त्यांनी सकाळचं फिरणं सुरू केलं. पावणेसातला पिशवी घेऊन निघतात आणि साडेआठला, मी बाहेर पडायच्या बेतात असते तेव्हा परत येतात. गाल लाल, चाल हलकी आणि केस ओले. बागेतल्या नळावर तोंड धुते, म्हणतात. तोंड धुताना मानेपर्यंत केस कसे भिजतात कोण जाणे, पण वय झालं की हात थरथरतो, पाणी सांडतं.

घराला क्लोरीनचा वास मारतो. माझ्याच कपड्यांना लागून येत असणार. मी आज त्यांना म्हटलं, "आई, माझ्यामुळे तुम्हाला हा वास सहन करावा लागतो."

"सवय झाली गं," त्या म्हणाल्या. "वाईट नाही वास."

किती समजून घेतात.

५ मार्च, गुरुवार

जमलं.

दुपारी गर्दी नसते. दोन वाजल्यापासून मी शीटशी झटापट करत होते. आधी वाटलं, रेघा एकेक निवडून पुसायच्या असतील, पण त्या माउसला सापडतच नाहीत. असतात आणि नसतात. मग सुचलं. रंग भरायची बादली असते ना, ती घेतली, सगळी शीट एकदम निवडली आणि पांढरा रंग ओतला. रेघा गायब. नुसतं शुभ्र पान आणि त्यावर अक्षरं: 'सर्वांसाठी खुली', 'शाळा', 'क्लब'. एखादी खोली आवरून खिडकी उघडावी तसं वाटलं.

माझ्याआधीच्या कारकुनांनी इथेतिथे फिकट रंगांची ठिगळं लावून ठेवली होती. इथे त्यांना सगळे रंगारी म्हणायचे, ते उगीच नाही. शाळेला पिवळा, क्लबला हिरवा. नावं लिहिलेली असताना रंग कशाला? एका ठिकाणी तर काहीही न लिहिता नुसता फिकट निळा भरून ठेवला होता, हात पुसल्यासारखा. तेही सगळं पांढऱ्याखाली गेलं. बरं झालं.

वरच्या शीर्षकाला माझ्याकडून जांभळा रंग दिला. फाइल सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कॉम्प्युटरच्या डोक्यावरून हात फिरवला.

६ मार्च, शुक्रवार

मॅडम टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, "वा." मोजून एक शब्द, पण दोन महिन्यांतला पहिला.

घरी सासूबाईंना मोबाइलवर फोटो दाखवला.

"हा जांभळा कोणी दिला? वांग्यांचं दुकान वाटतंय."

"मी दिला. मला आवडतो."

"तुला आवडतो तर असू दे," त्या म्हणाल्या आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत बसल्या. नवऱ्यालाही इतका वेळ द्यावासा वाटला नव्हता. मग सकाळच्या सातच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे काही नव्हतं का?"

"तीन आणि चार नंबरच्या लेनला? नाही, रिकामंच आहे. सकाळी सातला कोण येणार?"

"हो ना," त्या म्हणाल्या. "चष्म्याचा नंबर बदलला असेल माझा."

९ मार्च, सोमवार

शिट्टीशी आज थोडं बोलणं झालं. शिट्टी म्हणजे आमची जीवरक्षक. गळ्यात कायम शिट्टी असते, रागावली की बोलण्याऐवजी तीच वाजवते. सकाळी साडेसहाला तलाव ती उघडते आणि नऊला मी आले की तिचं काम अर्धं झालेलं असतं, त्यामुळे आमची भेट कमी. मला काउंटरताई म्हणते.

"काउंटरताई, घरी सगळे मजेत ना? गुडघे काय म्हणतात?"

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

ती हसली. का ते कळलं नाही. मग म्हणाली, "पाण्याच्या इतक्या जवळ नोकरी करता, एकदा तरी उतरा. मी धरते."

मी नाही म्हटलं. मला पाण्याची भीती वाटते हे कशाला सांगा? परवा सासूबाईंनीही विचारलं होतं, तुला पोहता येतं का म्हणून. घरात आणि दारात एकच प्रश्न.

११ मार्च, बुधवार

समितीची बैठक झाली. भिंतीवर माझं वेळापत्रक, समोर पाच जण, मध्ये अध्यक्ष. मी कोपऱ्यात बसून कीबोर्डवरची बाणांची बटणं दाबत होते. अध्यक्षांना कमी ऐकू येतं, पण दिसतं चांगलं. म्हणाले, "पहिल्यांदा मला हे वाचता आलं. कोणी केलं?" मॅडमनी माझ्याकडे हात केला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

क्लबचे कोच आले होते. बऱ्याच दिवसांपासून सकाळच्या सरावाला दोन लेन जास्त मागत आहेत. त्यांनी उभं राहून नुसतं बोट दाखवलं. "सात वाजता एक-दोन सर्वांसाठी खुल्या, पाच-सहा आमच्याकडे. तीन आणि चार नंबर रिकाम्या दिसताहेत. मुलांचं शर्यतीचं वर्ष आहे."

पांढऱ्या पानावर ते दोन रिकामे चौकोन इतके स्वच्छ दिसत होते की नाही कोण म्हणणार? सोमवारपासून दिल्या. पाच मिनिटांत निकाल लागला. बाहेर पडताना मॅडम म्हणाल्या, "नीट मांडलं की भांडणं होत नाहीत बघा."

घरी येताना उगीचच लांबच्या रस्त्याने आले. रात्री जेवताना नवऱ्यालाही सगळं दोनदा सांगितलं. सासूबाई घासभर जेवल्या आणि उठल्या. पोट बरं नाही म्हणाल्या.

१६ मार्च, सोमवार

सासूबाई पावणेसातला गेल्या आणि साडेसातला परत आल्या. केस कोरडे.

"इतक्या लवकर?"

"बाग बंद आहे."

"बाग कशी बंद असेल?"

"साफसफाई," त्या म्हणाल्या आणि पिशवी खुंटीला न अडकवता कपाटात आत ठेवली.

कामावर शिट्टीने मला बघून शिट्टीही वाजवली नाही. मी काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुम्ही काही नाही केलं ताई. टीव्हीने केलं." आणि जाळी घेऊन पाण्यातला कचरा काढायला गेली. पाण्यात कचरा नव्हता.

१७ मार्च, मंगळवार

आज सगळं कळलं. ओळीने लिहिते.

सूचनापेटीत एरवी आठवड्याला एखादी चिठ्ठी सापडते, तीही गरम पाण्याच्या शॉवरबद्दल. आज एकोणीस निघाल्या. सगळ्या बायकांच्या. सकाळी सातला तीन आणि चार नंबरच्या लेनमध्ये बावीस बायकांचा वर्ग असतो. गेली सहा वर्षं असतो. मी नऊला येते म्हणून मला माहीत नाही, आणि मॅडम दहाला येतात म्हणून त्यांना माहीत नाही. वर्ग शिट्टी घेते आणि हजेरीची वही तिच्याच खणात असते. काल त्या सगळ्या दारातून परत गेल्या, कारण लेनमध्ये क्लबची मुलं होती.

एक चिठ्ठी मी दोनदा वाचली. 'समितीस विनंती. मुलं कुठेही पोहतील, त्यांचे सांधे नवे आहेत. आमच्यातल्या काही जणींना जमिनीवर चालताना दुखतं आणि पाण्यात दुखत नाही. दिवसातला तो सकाळचा एकच तास आहे. तेवढा घेऊ नका.' खाली नाव नव्हतं. ळ ला गाठ मारल्यासारखं ते वळण मी कुठेतरी पाहिलंय. फ्रिजवरच्या सामानाच्या यादीत की काय, असं वाटून गेलं, पण आता मला सगळीकडे सगळंच दिसतंय.

मी रंगारींना फोन लावला. निवृत्त होऊन मुलीकडे राहतात.

"निळा कशाचा होता हो?" मी विचारलं.

"सातचा का? बायकांचा वर्ग तो. तुम्ही निळा काढलात की काय?"

"काढला नाही. त्यावर पांढरा ओतला."

ते हसले, पण चांगलं हसले. "चूक माझी पण आहे. मी नाव लिहायला निघालो होतो, तर एक बाई म्हणाल्या, साहेब, नाव नका लिहू. आमच्या निम्म्याजणींच्या घरी माहीत नाही. कुणाच्या मुलाला काळजी, कुणाच्या नवऱ्याला लाज. म्हणून रंग दिला. ज्याला कळायचं त्याला कळेल."

फोन ठेवल्यावर मी टीव्हीकडे बघत बसले. माझं शुभ्र, नीटनेटकं पान.

१८ मार्च, बुधवार

रात्री जेवताना सांगून टाकलं.

नवरा म्हणाला, "तुझं नाव कोणी घेतलं का?"

"नाही. सगळ्यांना वाटतंय, लेन रिकाम्याच होत्या आणि बायकांनी कधी नोंद केली नाही."

"मग गप्प बस. तेरा दिवस राहिलेत. एकदा कायम झालीस की हळूच सांग."

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना, कारण कालपासून मीही तेच मनात घोळवते आहे. मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, त्या तरी म्हणतील, खरं काय ते सांगून टाक. त्या नेहमी तसंच म्हणतात. पण त्या पाण्याच्या ग्लासात बघत होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी आधी. त्या बायकांचं काय, त्या फिरायला जातील कुठेतरी."

इतक्या हळू बोलल्या की नवऱ्याने विचारलं, "काय म्हणालीस?" तर म्हणाल्या, "सूप छान झालंय."

माझ्यावर किती जीव आहे त्यांचा. परक्या बायकांचंसुद्धा त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, तरी माझ्या बाजूने बोलल्या.

१९ मार्च, गुरुवार

लेकीचा व्हिडिओ कॉल. ती लांब शिकायला आहे, आठवड्यातून एकदा उगवते. तिला शीट दाखवली.

"आई, तू रेघा लपवल्याच नाहीस. तू प्रत्येक सेल पांढरा रंगवलास."

"दोन्ही एकच ना?"

"एकच कसं? खिडकीला पडदा लावायचा होता, तू भिंत बांधलीस. वर 'व्ह्यू' दिसतंय? तिथे जा. 'ग्रिडलाइन्स'समोर टिक आहे, ती काढ. झालं."

झालं. एक टिक. मी नवीन कोरी शीट उघडून दहा वेळा करून बघितलं. टिक काढली की रेघा जातात, लावली की येतात, आणि चौकोनांत जे काही असेल, रंग, अक्षरं, ते जागच्या जागी राहतं. रेघा नसल्या तरी चौकोन असतातच. मीही घरात बावीस वर्षं अशीच होते, हे लेकीला सांगावंसं वाटलं, पण ती हसली असती.

"आजी काय करतेय?" तिने विचारलं.

मी फोन वळवला. सासूबाई खुर्चीत बसून दोन्ही हात पुढे नेऊन बाजूला पसरत होत्या, पुन्हा पुढे, पुन्हा बाजूला. डोळे मिटलेले.

"खांद्याचा व्यायाम," मी म्हटलं.

"हो का," लेक म्हणाली. "छान स्ट्रोक आहे आजीचा." मग तिचा आवाज गेला. नेटवर्क.

बागेची साफसफाई अजून चालूच आहे म्हणे. सासूबाई सोमवारपासून घराबाहेर पडलेल्या नाहीत. आज जिना चढताना मधल्या पायरीवर थांबल्या. महिनाभर थांबल्या नव्हत्या.

२० मार्च, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी उठले तेव्हा ठरलेलं नव्हतं. पण कामावर जाताना त्या मधल्या पायरीवर माझाही पाय थांबला आणि ती चिठ्ठी आठवली, जमिनीवर दुखतं आणि पाण्यात दुखत नाही. मॅडम आल्या, त्यांनी पर्स ठेवायच्या आत मी आत गेले.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे मी समितीला चुकीचं पान दाखवलं."

"मी दिलेलं चुकीचं पान दाखवलंत."

"हे तुम्ही मला एक एप्रिलला सांगू शकला असतात."

"हो. घरी तसंच ठरलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या होत्या की नाही ते कळलं नाही. त्यांचा चेहरा एरवीही तसाच असतो. म्हणाल्या, "सत्तावीसला जादा बैठक लावते. मी बोलणार नाही. तुम्हीच उभ्या राहा."

मी अजूनपर्यंत कुठल्याच खोलीत उभी राहून बोललेली नाही. शाळेतली कवितासुद्धा बसून म्हटली होती, पाय कापत होते म्हणून.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं, आता केलंस ना, मग घाबरू नकोस," आणि कपबश्या स्वतः धुतल्या. थोड्या वेळाने सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि माझी वेणी सोडून पुन्हा घातली. लग्नानंतर पहिल्यांदा.

२४ मार्च, मंगळवार

शीट पहिल्यापासून केली. टिक काढली, रेघा गेल्या. पिवळा, हिरवा परत आणला. रंगारींनी कपाटाच्या दाराला आतून लावलेला जुना कागद सापडला, त्यावरून ताडून बघितलं. काळ्या-पांढऱ्या छपाईत निळा म्हणजे एक पुसट करडा डाग. मी तोही आधी कितीदा पाहिला होता. शाई कमी पडली असेल समजायचे.

दर तासाखाली एक बारीक रेघ मात्र मी मुद्दाम दिली. कारण टीव्हीच्या काचेवर बोटांचे ठसे दिसायला लागले आहेत. रेघा नाहीत म्हटल्यावर लोक बोट टेकवून ओळ धरतात. सगळ्याच रेघा वाईट नसतात. नको तेवढ्या असल्या की जाळं होतं.

२७ मार्च, शुक्रवार

बैठक. उभी राहिले. टेबलाला धरलं.

आधी माझं पांढरं पान दाखवलं, मग नवं. "पांढऱ्यात मी रेघा लपवताना हा रंग पुसला," म्हटलं. "या दोन लेन रिकाम्या नव्हत्या. तिथे बावीस बायका होत्या."

कोच म्हणाले, "मग इतके दिवस त्या भांडायला का नाही आल्या?"

दाराशी उभ्या असलेल्या शिट्टीने उत्तर दिलं. "आल्या होत्या. तुमची मुलं पाण्यात बघून परत गेल्या. म्हणाल्या, लहान आहेत, कशाला त्यांना बाहेर काढा."

कोच जरा वेळ टोपी हातात फिरवत बसले. वाईट माणूस नाही. त्यांचंही खरं होतं, दोन आठवड्यांत मुलांची वेळ सुधारली होती. शेवटी त्यांनीच विचारलं, खुल्या लेनपैकी दोन नंबरची तरी आठवड्यातले तीन दिवस मिळेल का. शिट्टी म्हणाली, सातला तिथे एखाददुसराच माणूस असतो, तो एक नंबरला मावेल. मिळाली. तीन आणि चार सोमवारपासून पुन्हा बायकांना.

मग अध्यक्षांनी पेन उचललं. "वर्गाचं नाव काय?"

"नाव नाही," मी म्हटलं.

"अहो मग ठरावात काय लिहू? निळा?"

सगळे हसले, मीही हसले, पण अध्यक्ष हटून बसले. पुन्हा कोणी पुसू नये म्हणून अक्षरात नाव पाहिजे. सोमवारी सकाळी टीव्हीवर दिसलं पाहिजे. आणि त्या बायकांना तर नाव नकोय. शिट्टी म्हणाली, विचारून सांगते.

घरी आले आणि सासूबाईंना निकाल सांगितला. त्या उठल्या, आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. डोळ्यांत कांदा गेला म्हणाल्या. कांदा चिरलेला नव्हता, पण आज कोण वाद घालणार?

"एकच अडलंय," मी सांगितलं. "त्यांना नाव काय द्यावं? घरी कळता कामा नये असं हवं."

"घरी काय सांगून निघतात त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"हो, तुला काय ठाऊक," त्या म्हणाल्या.

२८ मार्च, शनिवार

शिट्टीने चिठ्ठी आणून दिली. नाव ठरलं: 'सकाळचा फेरफटका'. पाण्यात कसला फेरफटका ते मला कळलं नाही, पण बावीसजणींचं एकमत आहे म्हणे. पुन्हा तेच गाठीच्या ळ चं अक्षर.

निळ्या चौकोनात नाव टाकलं. निळ्यावर काळी अक्षरं नीट दिसतात.

३० मार्च, सोमवार

टीव्हीवर नवं पान वेळेत लागलंय ना, ते बघायला आज सातच्या आधीच पोचायचं होतं. घरातून निघाले तेव्हा सासूबाई नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. बाग उघडली असणार, असा विचार करत मी पलीकडच्या गल्लीने गेले.

टीव्ही ठीक होता. काउंटर पुसून होईपर्यंत आतून पाण्याचा आणि हसण्याचा आवाज यायला लागला, म्हणून काचेच्या दारापर्यंत गेले. सकाळचा उजेड तिरपा पाण्यावर पडला होता. तीन आणि चार नंबरच्या लेनमध्ये टोप्याच टोप्या, पांढऱ्या, लाल, पिवळ्या. कोणी गप्पा मारत चालत होत्या, कोणी कडेला धरून पाय मारत होत्या. चार नंबरमध्ये एक पिवळी टोपी संथपणे पुढे सरकत होती. हात पुढे, मग बाजूला. डोळे मिटलेले.

तो हात मी ओळखला. मग बाकी सगळं.

किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. ओले केस, क्लोरीनचा वास, चष्म्याचा नंबर, बागेची साफसफाई. 'तुझी नोकरी आधी.' हे वाक्य आठवलं आणि मला दाराला हात टेकावा लागला. सकाळी सातचा तो एक तास त्यांचा होता आणि तो त्यांनी ताटावर बसून, ग्लासात बघत, मला देऊन टाकला होता. आणि मी वहीत लिहिलं होतं की परक्या बायकांचं त्यांना वाईट वाटतंय.

त्या वळल्या, कडेला आल्या. जिन्यावर थांबणारी बाई पाण्यात शिडीपर्यंत कुणाचाही हात न धरता चालत गेली. मी हाक मारणार होते. शिट्टीने मला पाहिलं, शिट्टी ओठांशी नेली, पण वाजवली नाही. नुसती ओठांवर धरून ठेवली. मी मागे सरले आणि काउंटरवर जाऊन बसले.

रात्री नवऱ्याने विचारलं, "आई, बाग उघडली का? गेली होतीस?"

"गेले होते."

"किती फेऱ्या झाल्या?"

"आठ."

"आठ? गुडघा दुखला नाही?"

"नाही बाई," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू प्रश्न मी विचारला होता. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

३१ मार्च, मंगळवार

दिवसभर मॅडम काही बोलल्या नाहीत. मी माझा कप, पेन आणि हातरुमाल एका पिशवीत भरून ठेवला होता, उगीच शेवटच्या क्षणी शोधाशोध नको. पाचला त्या काउंटरशी आल्या.

"ही पिशवी कशाची?"

"माझं सामान."

"ते परत खणात ठेवा. सातचा वर्ग आता वेळापत्रकावर आहे, तेव्हा हजेरीची वही काउंटरवर हवी. उद्यापासून तुम्हाला पावणेसातला यावं लागेल. जमेल?"

जमेल म्हटलं. जानेवारीपासून म्हणते आहे, पण आज खरं म्हणाले. मॅडम जाता जाता टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "निळा बरा दिसतो. जांभळ्याचा विचार करा." जांभळा मी काढणार नाही.

पावणेसात म्हणजे घरातून साडेसहाला निघणं. म्हणजे हजेरीच्या वहीत मलाच नावं लिहायची. आता काय करायचं, हा विचार करत घरी आले आणि सासूबाईंना नुसतं एवढंच सांगितलं की उद्यापासून मी लवकर निघणार.

त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातला टॉवेल दोनदा घडी करून झाला तरी पुन्हा उलगडला.

"बरं झालं," म्हणाल्या. "बरोबरच निघू. मलाही त्याच बाजूला फिरायला जायचं असतं."

"हो का?" मी म्हटलं.

"हो ना."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. नवरा बातम्या ऐकत होता.

त्या झोपल्यावर मी त्यांची पिशवी खुंटीवरून काढली. म्हटलं, जाडसर कोरडा टॉवेल घालून ठेवावा, त्यांचा अगदी विरलाय. आत दोन टोप्या होत्या. एक पिवळी, वापरलेली. दुसरी जांभळी, कोरी करकरीत, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेली. सासूबाईंना जांभळा डोळ्यांसमोर नको असतो. कुणा मैत्रिणीसाठी घेतली असेल. मी टॉवेल टोप्यांवर नीट ठेवला आणि पिशवी दाराशी, माझ्या चपलांजवळ अडकवली, सकाळी विसरायला नको म्हणून.